आधी पेपर वाचा, मग आकडा विचारा

दरवर्षी पावसाळा सरत आला की विश्रामबागेपासून मिरजेच्या रस्त्यापर्यंत एखाददुसरा फ्लेक्स हमखास दिसतो. मधोमध प्राध्यापकांचा फोटो, कडेला संस्थाचालकांचे फोटो आणि ठळक अक्षरांत एक ओळ : ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड’. मला तो पाहून मनापासून आनंद होतो. ज्या चौकात एरवी वाढदिवसांच्या शुभेच्छा झळकतात तिथे एका शिक्षकाचं नाव लागलं, ही लहान गोष्ट नाही. पण दर वेळी मी थांबून तो फलक शेवटपर्यंत वाचते. या माणसानं शोधलं काय? कुठल्या रोगाचं, कुठल्या औषधाचं कोडं त्यांनी उलगडलं? ते एकाही फलकावर मला आजवर वाचायला मिळालेलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीतही नसतं. तिथे असतात ते आकडे : इतके पेपर म्हणजे शोधनिबंध, इतकी सायटेशन्स म्हणजे इतरांच्या पेपरांत त्यांचे झालेले उल्लेख, एच-इंडेक्स इतका.

मी सांगलीत फार्माकॉलॉजी शिकवते. औषध शरीरात जाऊन काय करतं आणि शरीर त्या औषधाचं काय करतं, हा माझा विषय. त्यातही मेंदूवर काम करणारी औषधं. वीस वर्षांहून अधिक काळ एम.फार्म.च्या मुलामुलींना गाइड करते आहे. या आकड्यांशी माझी रोजची गाठ आहे आणि मला म्हणायचं आहे ते सरळ आहे. नेमणूक, बढती, गाइडपद आणि सत्कार या सगळ्या ठिकाणी आपण कामाच्या जागी कामाचा आकडा नेऊन बसवला आहे. तो तिथून उठवला पाहिजे. संशोधकाची किंमत त्याचं संशोधन वाचूनच ठरली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या मुलाखतींना विषयतज्ज्ञ म्हणून गेले होते. अकरा उमेदवार, जागा एक. प्रत्येक सदस्यापुढे एक तक्ता ठेवलेला : नाव, शिक्षण, अनुभव, एकूण पेपर, सायटेशन्स, एच-इंडेक्स आणि शेवटच्या रकान्यात गुण. एका उमेदवाराचे पेपर साठाच्या वर होते. त्याच्या खालच्या ओळीत एक बाई होत्या, त्यांचे पाच. त्यांचं सगळं काम कीटकनाशकांच्या विषबाधेवर होतं. तासगावचा द्राक्षपट्टा ज्या जिल्ह्यात आहे तिथे या विषयाचं मोल कुणाला समजावून सांगायला नको. पण मुलाखत आठ-नऊ मिनिटांत आटोपली. ‘पेपर एवढेच का?’ हा पहिला प्रश्न, आणि दुसराही फिरून तोच. बाईंनी पिशवीतून पाचही पेपरांच्या प्रती काढून टेबलावर ठेवल्या. कुणी उचलल्या नाहीत. मीही उचलल्या नाहीत. चहा आला, पुढचं नाव पुकारलं गेलं. स्टेपल केलेल्या त्या पाच प्रती टेबलाच्या कोपऱ्यावर तशाच राहिल्या आणि संध्याकाळी शिपायानं तक्त्यांबरोबर गोळा करून नेल्या. ते आठवलं की आजही मला चैन पडत नाही.

एच-इंडेक्स ही कल्पना मांडली जॉर्ज हर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञानं, २००५ मध्ये. एखाद्याचा एच-इंडेक्स दहा, म्हणजे त्याचे दहा पेपर असे की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी किमान दहा वेळा केला आहे. मोजायला सोपं, समजायला सोपं. हर्श यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं होतं की एका आकड्यातून माणसाच्या बहुअंगी कामाचा फार तर ढोबळ अंदाज येतो, निर्णय घेताना इतर गोष्टीही पाहाव्या लागतात. आपण आकडा तेवढा उचलला, ती सूचना तिथेच राहिली.

त्या निबंधात जीवशास्त्रातल्या दहा जणांची यादी आहे. पहिलं नाव आमच्या विषयातलं : सॉलोमन स्नायडर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञ. एच-इंडेक्स १९१. भौतिकशास्त्रात सर्वांत वर होते एडवर्ड विटेन, त्यांचा ११०. यावरून स्नायडर हे विटेन यांच्यापेक्षा मोठे शास्त्रज्ञ ठरतात का? कुणीही जाणता माणूस तसं म्हणणार नाही. मेंदू आणि औषधं या विषयात काम करणारे लोक जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपराखाली संदर्भांची यादी लांब. म्हणून आकडे फुगतात. आमच्याकडे मात्र गणिताचे, रसायनाचे आणि फार्मसीचे शिक्षक एकाच तक्त्यात एकाखाली एक मांडले जातात आणि गणिताच्या माणसाला खाली मान घालून बसावं लागतं.

तरीही १९१ हा आकडा पोकळ नाही, आणि तो पोकळ का नाही हे कळायचं तर काम वाचावं लागतं. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात स्नायडर आणि त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी कँडेस पर्ट यांचा एक छोटा पेपर आला. प्रश्न जुना होता : अफू मेंदूत नेमकी कुठे जाऊन बसते? त्यांनी उंदराचा मेंदू वाटून लगदा केला. नॅलॉक्सोन हे अफूचा अंमल उतरवणारं औषध. त्याला किरणोत्सारी हायड्रोजन जोडून ते लगद्यात मिसळलं, लगदा गाळणकागदावर ओतला आणि झटक्यात धुतला. पेशींना घट्ट धरून बसलेलं औषध कागदावर राहिलं, बाकीचं वाहून गेलं. कागदावरची किरणोत्सारिता मोजली की बसलेलं औषध किती ते कळतं. पण नुसतं चिकटणं म्हणजे पुरावा नव्हे, औषध कशालाही चिकटू शकतं. म्हणून त्यांनी एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेली दोन औषधं घेतली. एक अफूसारखं गुणकारी, दुसरं त्याचंच उलटं रूप, पण वेदनेवर निष्प्रभ. गुणकारी औषधानं नॅलॉक्सोनला त्या जागेवरून हटवलं, निष्प्रभ औषधाला ते जमलं नाही. कुलूप आहे, आणि ते ठरावीक किल्लीनंच उघडतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मग पुढचा प्रश्न आपोआप आला. शरीरात कुलूप आहे तर शरीराची स्वतःची किल्लीही असणार. १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना ती सापडली : एन्केफॅलिन, मेंदूनं स्वतःच बनवलेली अफू.

वाटा, मिसळा, गाळा, मोजा. ही पद्धत पुढे डोपामिन, सेरोटोनिन अशा कितीतरी कुलपांसाठी वापरली गेली. वेडावरची औषधं नेमकी कुठे बसतात हे त्यातून कळलं. सायटेशन्स येणारच. मी दरवर्षी हा पेपर वर्गात फळ्यावर उलगडते आणि ते आरशातलं औषध आलं की मागच्या बाकावरची मुलंही वर बघतात. १९१ हा आकडा सांगून कुणीही वर बघत नाही.

या गोष्टीला पुढे एक काटा आहे. १९७८ चा लास्कर पुरस्कार, वैद्यकीय संशोधनातला अमेरिकेतला मोठा मान, स्नायडर, ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना मिळाला. पर्ट यांचं नाव त्यात नव्हतं. ज्या पेपरावर त्यांचं नाव पहिलं होतं, जो प्रयोग त्यांच्या हातून झाला होता, त्याच्याच गौरवात त्या नव्हत्या. त्यांनी जाहीर निषेध केला आणि त्यावर मोठा वाद झाला. आता सायटेशनच्या हिशेबात बघा. तो पेपर दोघांच्याही खात्यात सारखाच मोजला जातो. कुणी रात्री जागून गाळणकागद धुतले, कुणी प्रश्न सुचवला, कुणी पैसा उभा केला, यातलं काहीही त्या आकड्यात उतरत नाही. पर्ट-स्नायडर यांच्या बाबतीत निदान दोघांचाही कामात खरा हात होता. आपल्याकडे पेपरावरच्या सहा नावांपैकी प्रयोगशाळेत किती जण पाय ठेवून गेले, हा प्रश्न विचारणंही उद्धटपणाचं समजलं जातं. सहाही जणांच्या सायटेशन्स मात्र वाढत राहतात.

जगात सर्वाधिक उल्लेख झालेला पेपर कुठला, असं मी मुलांना विचारते. आइन्स्टाइन, डीएनए, पेनिसिलिन अशी उत्तरं येतात. उत्तर त्यांच्या हातातल्या परीक्षानळीत असतं. ऑलिव्हर लाउरी हे अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९५१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी द्रवातलं प्रथिन मोजायची एक रीत छापली. आधी तांब्याचं अल्कधर्मी द्रावण, मग फोलिनचा रिएजंट, मग अर्धा तास थांबायचं. नळीत निळा रंग चढतो. प्रथिन जितकं जास्त तितका निळा गडद. आमच्या लॅबमध्ये दर सत्रात त्या निळ्या नळ्यांची रांग लागते. या पेपराची सायटेशन्स तीन लाखांच्या पुढे आहेत. लाउरी यांनी स्वतः सांगितलं होतं की हा काही आपला महान पेपर नव्हे. त्यांचं खरं प्रेम होतं एकेकट्या मज्जापेशीतली एन्झाइम्स मोजण्यावर. ते काम अचाट होतं, पण त्याचा उपयोग करणारे मोजके. निळा रंग मात्र सगळ्यांनाच लागतो. सायटेशन सांगतं ते एवढंच : ही वस्तू किती जणांनी हाताळली. पाटा-वरवंटा घरोघरी असतो म्हणून त्याच्यावरून पुरणपोळीची चव ठरत नाही.

हाताळली असंही प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी संदर्भयाद्यांमधल्या छपाईच्या चुका तपासल्या. पानाचा क्रमांक एकानं चुकवला की पुढचे कितीतरी जण तीच चूक जशीच्या तशी उतरवतात, शाळेत एकाचा गृहपाठ दहा वह्यांत जातो तसं. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की उल्लेख करणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एकच मूळ पेपर वाचतो. आमच्या भागात तर मूळ पेपर मिळवणं हीच मोठी अडचण. २०२५ पासून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, सुमारे तेरा हजार नियतकालिकं. फार चांगली गोष्ट. पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांसाठी आहे, आणि सांगली-साताऱ्यातली बहुतेक फार्मसी कॉलेजं खासगी आहेत. आमची मुलं गोषवारा वाचतात आणि संदर्भ देऊन मोकळी होतात. यात दोष त्यांचा कमी आहे.

सायटेशन म्हणजे सत्यावरची मोहर, असाही एक समज आहे. २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अल्झायमरवर एक पेपर आला. उंदरांची स्मृती बिघडवणारा प्रथिनाचा एक विशिष्ट गुच्छ सापडल्याचा दावा त्यात होता. दोन हजारांहून अधिक वेळा त्याचा उल्लेख झाला. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांत फेरफार असल्याचा संशय जाहीर झाला आणि २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. अठरा वर्षं. तेवढ्या काळात त्या उल्लेखांवर कितीतरी एच-इंडेक्स उभे राहिले असतील.

आता घरच्या मालाकडे येते. हळद. सांगलीच्या मार्केट यार्डात फेब्रुवारी-मार्चमध्ये सौद्यांच्या वेळी उभं राहिलं की कपड्यांना लागलेला तो वास दोन दिवस जात नाही. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. या हळदीतला पिवळा पदार्थ, कर्क्युमिन, हा औषधशास्त्रातला सायटेशनचा एक मोठा झरा आहे. कर्करोग, सांधेदुखी, नैराश्य, अल्झायमर. ज्या रोगाचं नाव घ्याल त्यावर कर्क्युमिनचा पेपर आहे. मुलांना विषय सुचवताना ‘कर्क्युमिन घे, सायटेशन्स येतात’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो स्वतः ऐकला आहे.

पण औषध कुठे आहे? २०१७ मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनचा सगळा पसारा तपासून एक सविस्तर आढावा छापला. तोवर माणसांवर १२० हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. ज्या चाचणीत खरं औषध कुणाला आणि खोटं कुणाला हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही, अशा काटेकोर चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरल्याचं एकही उदाहरण त्यांना मिळालं नाही. कारणंही त्यांनी मांडली. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. शरीरातल्यासारख्या द्रवात ते टिकत नाही, लवकर मोडतं. आणि ते प्रयोगाला चकवतं : स्वतः रंगीत, स्वतः चमकणारं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं. परीक्षानळीत आकडा हलतो, संशोधकाला वाटतं औषध लागू पडलं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की मिऱ्यातलं पायपरीन सोबत दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढतं. हा आकडा आज हळदीच्या गोळ्यांच्या प्रत्येक डबीवर मिरवतो. पण मुळात रक्तात जवळजवळ काही नव्हतंच. त्यात २००० टक्क्यांची भर म्हणजे किती, हे विचारायला हवं, आणि ते विचारायचं तर पेपर उघडून त्यातला तक्ता बघावा लागतो.

हे लिहिताना मला हळदीचा कमीपणा दाखवायचा नाही. माझ्या घरातही जखमेवर पहिली हळदच लागते. त्याच हळदीची दुसरी गोष्ट अभिमानाची आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरून काढण्यासाठी हळद’ यावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेचे महासंचालक होते. सीएसआयआरनं आव्हान दिलं. आजीला माहीत आहे म्हणून पेटंट रद्द होत नाही, छापील पुरावा लागतो. तो दिला गेला : जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक पेपर. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ज्या दिवशी देशाला गरज पडली त्या दिवशी तो जुना पेपर ग्रंथालयात होता आणि तो शोधून वाचणारी माणसं होती. एच-इंडेक्सच्या तक्त्यात या दोन्ही गोष्टींना रकाना नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मराठी वाचकांना सांगायला नकोत. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंतली सोडियमची दारं उघडी ठेवतं, नसा बेफाम होतात, रक्तदाब चढतो, फुप्फुसात पाणी भरतं, आणि पोर हातातून जातं. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त औषध. ते नेमकं त्या वादळाच्या वाटेत आडवं येतं. ग्रामीण दवाखान्यात रात्ररात्र रुग्णाच्या उशाशी बसून बावस्करांनी हे ओळखलं आणि १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. मेंदू-मज्जा-औषध या विषयातलं इतकं नेमकं काम देशात थोडंच झालं असेल. पण विंचू चावतो कुणाला? कोकणातल्या, देशावरच्या, मोरोक्को-मेक्सिकोतल्या गरिबाला. त्या विषयावर लिहिणारे जगात मूठभर, म्हणून उल्लेख करणारेही मूठभर. कर्क्युमिनच्या एखाद्या सरधोपट पेपराला विंचवाच्या पेपरापेक्षा जास्त सायटेशन्स मिळणं अगदी सहज शक्य आहे.

बारामतीच्या डॉक्टरांचंही तसंच. २००६ मध्ये तिथल्या एका रुग्णालयातल्या २०० रुग्णांवरचा पेपर ‘लॅन्सेट’नं छापला. कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला ‘पॅम’ या उताऱ्याचं इंजेक्शन ठरावीक तासांनी द्यायचं की सलग सलाइनमधून, हा प्रश्न. सलग दिलेल्या गटात मृत्यू कमी झाले. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत ‘पॅम’चा फायदाच दिसला नाही, आणि वाद अजून चालू आहे. बारामतीचा पेपर उचलून धरणारा आणि त्याला विरोध करणारा, दोघांचंही सायटेशन एकेकच मोजलं जातं. मिरजेच्या आयसीयूमध्ये रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या डॉक्टरला मात्र दोन्ही पेपर वाचावेच लागतात. त्याला बेरीज उपयोगाची नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. लोक म्हणतात, आकडा काढलात तर उरतं काय? वशिला. अमक्याचा भाचा, तमक्याच्या गटातला, संस्थेच्या अध्यक्षांच्या गावचा. आकडा निदान जात बघत नाही, आडनाव बघत नाही. एका तरुण सहकाऱ्यानं मला सांगितलं, ‘मॅडम, माझ्या मागं कुणी नाही. माझे चाळीस पेपर आहेत म्हणून मला नाकारता आलं नाही.’ त्याचं म्हणणं खरं आहे. ज्यानं वशिल्याचा मार खाल्ला आहे त्याला आकडा ढालीसारखा वाटतो. पण ती ढाल आता त्याच्या हातात राहिलेली नाही. पैसे देऊन पेपर छापून मिळतात, पैसे देऊन त्यावर नाव चढतं, चार मित्र मिळून एकमेकांचे उल्लेख करतात. ज्याच्याकडे पैसा आणि गोतावळा त्याचा आकडा मोठा, म्हणजे वशिला मागच्या दारानं परत आत आला. गाळणी लावायचे प्रयत्नही झाले. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएचडीआधी पेपर छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी उठवली, आणि ते उत्तम झालं. पण पेपर न वाचता त्याची परीक्षा करू देणारी यादी कुणीही बनवू शकणार नाही.

वशिल्याला खरा अटकाव उघड वाचनानं होतो. उमेदवारानं स्वतः निवडलेले तीन पेपर द्यावेत, आपला वाटा कुठला ते एका पानात लिहावं, आणि समितीच्या सदस्यांनी ते आधी घरी वाचून यावं. मग समोर बसून विचारावं : हा गट सहाच उंदरांचा का? हा आलेख असा का वळला? ज्यानं काम केलं आहे त्याचे डोळे या प्रश्नावर उजळतात. ज्याचं नाव नुसतं चिकटवलं आहे त्याला दुसऱ्या प्रश्नाला घाम फुटतो, मग तो कुणाचाही भाचा असो. समितीचं मत लेखी असावं आणि ते उमेदवाराला मिळावं. वेळ लागेल, मान्य. अकरा उमेदवारांचे तेहतीस पेपर वाचायला आठवडा जाईल. ज्या माणसाच्या हाती आपण तीस वर्षं मुलं सोपवणार त्याच्यासाठी एक आठवडा देणं मला जड वाटत नाही. आणि वार्ताहर मित्रांना एकच मागणं : सत्काराच्या बातमीत आकड्याआधी एक वाक्य लिहा, यांनी काय शोधलं. ते वाक्य कुणाला सांगता आलं नाही तर तीही बातमीच आहे.

माझी एक विद्यार्थिनी वाळवा तालुक्यातल्या हळद पिकवणाऱ्या घरातली. घरच्या हळदीचा अर्क स्मृतीवर काही करतो का, हे तिला पाहायचं होतं. ॲनिमल हाउसमध्ये मोठी गोल टाकी, पाण्यात दुधाची पावडर कालवलेली, आणि पाण्याखाली न दिसणारा एक छोटा चौथरा. विसराळूपणा आणणारं औषध टोचलेल्या उंदरानं भिंतीवरच्या खुणा लक्षात ठेवून तो चौथरा शोधायचा. एप्रिलचा महिना, सांगलीचा उन्हाळा. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास राखायला ती दर थोड्या वेळानं बर्फ टाकायची, प्रत्येक उंदीर बाहेर काढून टॉवेलनं पुसायची, वेळ वहीत लिहायची. शेवटी हिशेब मांडला तर अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांत भरवशाचा फरक नव्हता. तिला एकानं सुचवलं, या गटातले दोन उंदीर वगळ, फरक दिसतो. तिनं माझ्याकडे येऊन विचारलं, ‘मॅडम, ते दोन उंदीर आजारी नव्हते ना?’ नव्हते. तिनं वगळले नाहीत. दोन नियतकालिकांनी पेपर परत पाठवला, एकानं कारण दिलं की परिणाम दिसत नाही. तिचा एच-इंडेक्स आज शून्य आहे. तिचा प्रबंध आमच्या विभागाच्या कपाटात आहे.

गेल्या डिसेंबरात कराडहून एक मुलगी एस.टी.नं आली. तिचा विषय हळदीचाच होता आणि कुणाकडून तरी तिनं या प्रबंधाबद्दल ऐकलं होतं. दोन दिवस ती आमच्या विभागात बसली. पाण्याचं तापमान, बर्फ किती वेळानं टाकला, अर्क कशात विरघळवला, सगळं तिनं वहीत उतरवून घेतलं. निघताना दारातून परत फिरून तिनं विचारलं, ‘मॅडम, हळद कुठल्या जातीची होती? ते लिहिलेलं नाही.’

मी आमच्या त्या वाळव्याच्या विद्यार्थिनीला फोन लावला. राजापुरी होती. मग आम्ही दोघींनी प्रबंधातलं ते पान काढलं आणि समासात पेन्सिलनं लिहून ठेवलं.